मोबाइलवर लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांकडून प्रमाणलेखनाची अपेक्षा किती ठेवावी?

प्रश्न : मी एका महाविद्यालयात कार्यालयीन मराठीचा सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम ऑनलाइन शिकवते. या सत्रात ६४ विद्यार्थी आहेत आणि त्यांपैकी संगणक वापरणारे जेमतेम दहा-बारा असतील. बाकीचे सर्व जण तास ऐकण्यापासून स्वाध्याय पाठवण्यापर्यंत सगळे मोबाइलवरच करतात. अर्ज, इतिवृत्त, अहवाल असे लेखन मी त्यांना देते आणि जे हाती येते ते पाहून मन खट्टू होते. चारशे शब्दांचा अहवाल एकाच परिच्छेदात असतो, अर्जाची सुरुवात ‘सर प्लीज’ अशी असते, वाक्याच्या शेवटी हिंदीतला दंड (।) येतो, ‘दुसऱ्या’ऐवजी ‘दुसर्या’ लिहिलेले असते, विषय आणि दिनांक तर अनेकदा नसतातच. माझे एक ज्येष्ठ सहकारी म्हणतात की मोबाइलवर लिहिलेला स्वाध्याय स्वीकारूच नये. दुसऱ्या सहकारी म्हणतात की आशय कळला की पुरे, मुले कोणत्या परिस्थितीत शिकतात ते पाहावे. मला दोघांचेही पूर्ण पटत नाही. दर्जा राखायचा असेल तर मी नेमके काय करावे?
– एक प्राध्यापिका

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र दोनदा वाचले. दोन्ही सहकाऱ्यांचे म्हणणे तुम्हाला अपुरे वाटते, ते योग्यच आहे. माझे मत आधीच सांगते. दर्जा हा वाचणाऱ्याच्या हाती पडणाऱ्या मजकुराचा असतो, आणि तो कशावर लिहिला गेला यामुळे दर्जा एका काडीनेही खाली आणू नये. मात्र त्या दर्जापर्यंत मोबाइलवरून कसे पोहोचायचे, हे शिकवणे तुमच्या अभ्यासक्रमाचाच भाग आहे आणि आज बहुतेक ठिकाणी ते कोणीच शिकवत नाही. विद्यार्थ्यांना आपण प्रमाणलेखनाचे नियम सांगतो, पण त्यांच्या हातातल्या कळफलकावर ते नियम कसे पाळायचे ते सांगत नाही, आणि मग लेखन बिघडले की दोष त्यांच्या आळसाला देतो.

मोबाइलवर बंदी घालण्याचा मार्ग मला अन्यायाचा वाटतो. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१७-१८ मधील ७५व्या फेरीत देशातील ग्रामीण कुटुंबांपैकी ४.४ टक्के आणि शहरी कुटुंबांपैकी २३.४ टक्के कुटुंबांकडेच संगणक असल्याचे आढळले होते. तेव्हापासून परिस्थिती काही प्रमाणात बदलली असे धरले, तरी तुमच्या ६४ जणांमध्ये दहा-बाराच संगणक असणे हे त्याच वास्तवाचे रूप आहे. ज्याच्या घरात एकच फोन आहे आणि तोही संध्याकाळी वडील कामावरून परतल्यावर हाती येतो, त्याला ‘संगणकावर लिहून पाठव’ असे सांगणे म्हणजे अभ्यासक्रमाचे दार लावून घेणे होय. शिवाय हेच विद्यार्थी उद्या ज्या कामांवर जातील तेथे काय चालते, तेही पाहा. तालुक्याचा वार्ताहर आज बातमी मोबाइलवरच लिहून धाडतो, गावपातळीवरच्या कितीतरी नोंदी आणि अहवाल मोबाइलवरूनच वर जातात, बैठकीचे इतिवृत्त बैठक संपण्यापूर्वीच फोनवर तयार व्हावे अशी अपेक्षा असते. मोबाइलवर नेटके लिहिता येणे ही आता नोकरीची गरज झाली आहे.

‘आशय कळला की पुरे’ हे म्हणणे तर मला त्याहून अधिक घातक वाटते, कारण ते मायेच्या शब्दांत येते. ज्या मुलाकडे ओळखी नाहीत आणि ज्याच्या घरात यापूर्वी कोणी कार्यालयीन पत्र लिहिलेले नाही, त्याची कार्यालयाशी पहिली ओळख त्याच्या अर्जानेच होते. त्या अर्जातील चुका आपण कौतुकाने सोडून दिल्या, तरी अर्ज वाचणारा अधिकारी त्या सोडणार नाही, आणि त्याचे मोल मुलालाच द्यावे लागेल.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळते. तुम्ही सांगितलेल्या चुकांची सरमिसळ झाली आहे आणि आधी ती सोडवायला हवी. काही चुका विद्यार्थ्याला नियम माहीत नसल्याच्या आहेत, काही कळफलकाच्या आहेत आणि काही लहान पडद्याच्या आहेत. या तिन्हींवर एकच लाल रेघ ओढली की विद्यार्थ्याला आपण काय सुधारायचे तेच उमगत नाही.

कळफलकाच्या चुका सर्वांत लवकर सुटतात, म्हणून त्यांच्यापासून सुरुवात करा. ‘दुसर्या’ लिहिणाऱ्या तुमच्या विद्यार्थ्याला ‘दुसऱ्या’चा उच्चार ठाऊक आहे. तो र, हलन्त आणि य अशा कळा दाबतो आणि फोन त्याला रफार काढून देतो. ‘ऱ्य’ हवा असेल तर नुक्त्याचा ऱ घ्यावा लागतो आणि बहुतेक मराठी कळफलकांवर र दाबून धरला की तो मिळतो, हे त्याला कोणी दाखवलेले नसते. हा फरक नुसता दिसण्याचा नाही, हे पटवण्यासाठी त्यांना ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे दोन शब्द शेजारी लिहून दाखवा, किंवा स्नेहसंमेलनाच्या खर्चाच्या अहवालातील ‘आचाऱ्यांना दिलेले मानधन’ हे शब्द ‘आचार्यांना दिलेले मानधन’ असे झाले तर हिशेब तपासणारा काय समजेल ते विचारा. एकदा हे लक्षात आले की विद्यार्थी ती चूक सहसा पुन्हा करत नाही.

विसर्गाची गोष्ट अशीच आहे. ‘स्वतः’, ‘अंशतः’, ‘विशेषतः’ या शब्दांच्या शेवटी अनेक जण अपूर्णविराम देतात, कारण तो विरामचिन्हांच्या पानावर चटकन सापडतो आणि डोळ्यांना सारखाच दिसतो. यंत्राच्या दृष्टीने मात्र ती दोन वेगळी चिन्हे आहेत. त्यामुळे पुढे कोणी त्या दस्तऐवजात ‘स्वतः’ हा शब्द शोधला तर तो सापडत नाही. वाक्याच्या शेवटी येणारा दंड हाही बहुधा कळफलकाचाच परिणाम असतो. फोनमध्ये मराठीऐवजी हिंदीचा कळफलक चालू असतो आणि पूर्णविरामाच्या जागी तेथे दंडच बसवलेला असतो. सत्राच्या पहिल्या आठवड्यात अर्धा तास काढून सर्वांच्या फोनमधील भाषा ‘मराठी’ आहे याची खात्री करून घेतलीत, तर तुमच्या तक्रारींपैकी ही एक तरी तेथेच मिटेल.

येथे शिक्षकाने स्वतःवर घालून घ्यायचे एक बंधनही सांगून ठेवते. राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीसाठी देवनागरी अक्षरांची मान्य वळणे ठरवून दिली, त्यांत पाकळीचा ल आणि देठाचा श आहे. फोनमधील टंक (फॉन्ट) मात्र पुष्कळदा हिंदीच्या वळणाचा ल आणि श दाखवतो. विद्यार्थ्याने योग्य अक्षरच लिहिलेले असते, फक्त टंक वेगळा असतो. अशा ठिकाणी गुण कापू नयेत. विद्यार्थ्याच्या हातात नसलेल्या गोष्टीसाठी त्याला एकदा दंड बसला, की उरलेल्या दुरुस्त्यांवरचा त्याचा विश्वासही उडतो.

यानंतर सूचनापट्टी, म्हणजे टंकलेखन करताना कळफलकाच्या वर शब्द सुचवणारी पट्टी. माझ्या अनुभवात ऱ्हस्व-दीर्घाच्या निम्म्याहून अधिक चुका आज हिच्या वाटेने येतात. फोन आपल्या सवयी लक्षात ठेवतो. एकदा ‘परिक्षा’ किंवा ‘सुचना’ लिहून पाठवले की तो तेच शब्द पुढे करू लागतो आणि विद्यार्थी ते यंत्राने दिले आहेत म्हणून बरोबर मानतो. आपल्याकडे १९६२ मध्ये मराठी साहित्य महामंडळाने केलेले लेखनाचे १४ नियम आणि १९७२ मध्ये त्यांत पडलेली चार नियमांची भर, असे एकूण १८ नियम आहेत. ते सगळे शिकवण्यास सत्र पुरत नाही, हे मीही जाणते. पण कार्यालयीन लेखनात पुन्हा पुन्हा येणारे चाळीस-पन्नास शब्द तुम्ही निवडू शकता : परीक्षा, सूचना, नियुक्ती, माहिती, इतिवृत्त, पूर्तता, शुल्क, विनंती, आणि, परंतु, की, व यांसारखेच आणखी काही. हे शब्द विद्यार्थ्यांनी फोनच्या वैयक्तिक शब्दकोशात स्वतः अचूक लिहून भरावेत आणि चुकीची रूपे दाबून धरून काढून टाकावीत. याच शब्दकोशात संक्षेपही बसवता येतात, जसे ‘आवि’ लिहिले की ‘आपला विश्वासू’ आणि ‘मवि’ लिहिले की ‘महोदय, सविनय विनंती की’ अशी पूर्ण अक्षरे सुचवली जावीत. जो फोन चुका शिकवतो तोच नियमही सांभाळू शकतो, हे विद्यार्थ्यांना स्वतःच्या हाताने करून पाहिल्यावर पटते.

मराठीत बोलून टंकन करण्याची सोय २०१७ पासून सर्रास मिळू लागली आणि अनेक विद्यार्थी तीच वापरतात. तिला विरोध करू नका. पहिला खर्डा बोलून करणे हा चांगला मार्ग आहे, विशेषतः ज्यांचा हात मराठी कळफलकावर बसलेला नाही त्यांच्यासाठी. पण त्या खर्ड्यात विरामचिन्हे बहुधा नसतात आणि ‘केलं’, ‘झालं’, ‘म्हटलं’ ही बोलण्यातली रूपे जशीच्या तशी येतात. अहवालात ती ‘केले’, ‘झाले’, ‘म्हटले’ अशी करावी लागतात. म्हणून बोलून केलेला खर्डा खर्डाच मानला जाईल, तो स्वाध्याय म्हणून स्वीकारला जाणार नाही, हे आरंभीच स्पष्ट करा.

लहान पडद्याने होणारे नुकसान मात्र अधिक खोल आहे आणि त्याबद्दल फार कमी बोलले जाते. कळफलक उघडा असताना मोबाइलच्या पडद्यावर मजकुराच्या पाच-सहा ओळीच दिसतात. लिहिणाऱ्याला परिच्छेद कोठे सुरू झाला ते दिसत नाही, म्हणून तो कोठे संपवावा हेही कळत नाही. चारशे शब्दांचा सलग परिच्छेद येतो तो यामुळे. एकच मुद्दा दोनदा येतो, कारण पहिल्यांदा लिहिलेला वर सरकून गेलेला असतो. आपल्या भाषेत तर आणखी एक अडचण येते. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते आणि त्याला लिंग-वचन कधी कर्त्याचे, कधी कर्माचे घ्यावे लागते. वाक्य लांबले की ज्या नामाशी क्रियापदाचा मेळ घालायचा ते नाम पडद्याबाहेर गेलेले असते आणि लिहिणारा जवळच्या शब्दाला धरून क्रियापद बसवतो. ‘ग्रामसभेत मांडण्यात आलेले पाणीपुरवठा योजनेच्या दुरुस्तीचे तीन प्रस्ताव उपस्थित सदस्यांच्या सविस्तर चर्चेनंतर मंजूर करण्यात आली’ असे वाक्य मी कितीदा तरी दुरुस्त केले आहे. लिहिणाऱ्याला ‘प्रस्ताव आले’ हे व्याकरण पक्के ठाऊक असते, पण ‘प्रस्ताव’ त्याच्या डोळ्यांसमोर उरलेला नसतो आणि ‘योजना’, ‘दुरुस्ती’, ‘चर्चा’ यांचे स्त्रीलिंग मनात घोळत असते.

यावर उपाय दोन, आणि दोन्ही साधे आहेत. मोबाइलवर लिहिताना वाक्ये आखूड ठेवण्याची सवय लावा. एका वाक्यात एकच निर्णय किंवा एकच घटना यावी, म्हणजे वाक्य पडद्यावर मावते आणि इतिवृत्त वाचणाऱ्यालाही ते सोयीचे जाते. दुसरा उपाय म्हणजे लेखन आणि तपासणी यांची बैठक वेगळी करणे. चॅटच्या खिडकीत लिहून तेथूनच पाठवण्याची सवय मोडायला हवी, कारण ती खिडकी उत्तर देण्यासाठी आहे, मजकूर घडवण्यासाठी नाही. लेखनासाठीचे एखादे मोफत ॲप घ्यायला सांगा, त्यात मजकूर लिहून होऊ द्या, मग कळफलक बंद करून, फोन आडवा धरून, पानाच्या मांडणीत तो वरपासून खालपर्यंत वाचायला सांगा. शेवटी त्याची ए-फोर आकाराची पीडीएफ करून ती पाहू द्या. एक पान अख्खे दिसले की विषयाची ओळ नाही, दिनांक नाही, सही खाली गेली आहे, मधला परिच्छेद अजस्र झाला आहे, हे विद्यार्थ्याला कोणी न सांगता दिसते. सत्रातून एकदा तरी एक अर्ज जवळच्या झेरॉक्सच्या दुकानात छापून घ्यायला लावा. दोन-चार रुपयांत होणाऱ्या या कामातून मांडणीविषयी जे समजते ते दहा तासांच्या व्याख्यानांतून समजत नाही.

मी स्वतः अनेक वर्षे एका नियतकालिकात मजकूर तपासण्याचे काम केले. तेव्हा बाहेरगावचे वार्ताहर हाती मिळेल त्या कागदावर, पाठकोऱ्या पानांवर, कधी एसटीत बसून लिहिलेला मजकूर पाठवत. त्यातील कितीतरी मजकूर तुमच्या विद्यार्थ्यांच्या स्वाध्यायांपेक्षा विस्कळीत असे. तरीही छापून येणारी बातमी नेटकी असे, कारण वार्ताहर आणि वाचक यांच्यामध्ये उपसंपादक आणि मुद्रितशोधक असत. मुद्रित तपासताना एक जण मूळ मजकूर मोठ्याने वाची आणि दुसरा छापील मजकुरावर डोळा ठेवी. मोबाइलवरून थेट पाठवणाऱ्या विद्यार्थ्याला हा दुसरा डोळा मिळत नाही. तो तुम्ही मिळवून द्या. विद्यार्थ्यांच्या जोड्या लावा आणि स्वाध्याय पाठवण्यापूर्वी एकाने आपला मजकूर दुसऱ्याला फोनवर वाचून दाखवावा, दुसऱ्याने तो समोर उघडून ऐकावा, असा नियमच करा. साध्या कॉलवर दहा मिनिटांत हे होते, त्यासाठी वेगवान इंटरनेट लागत नाही. मोठ्याने वाचताना जीभ जेथे अडखळते तेथे बहुधा विरामचिन्ह राहिलेले असते किंवा क्रियापदाचा मेळ चुकलेला असतो. प्रत्येक स्वाध्यायाखाली ‘तपासणी : अमुक’ असे जोडीदाराचे नाव असावे. दुसऱ्याच्या लेखनातील चुका शोधणारा स्वतःचे लेखन अधिक जपून करू लागतो, हे मी नेहमी पाहिले आहे.

‘सर प्लीज’ या सुरुवातीविषयी थोडे वेगळे सांगायचे आहे. तो उद्धटपणा नाही, आणि तुम्हालाही तसे वाटले नसेल. विद्यार्थी चॅटमध्ये जसे बोलतो तसेच अर्जात बोलतो, कारण दोन्ही एकाच फोनवर, एकाच कळफलकाने लिहिले जातात. दोन प्रकारच्या लेखनांमध्ये पूर्वी कागद बदलत असे, आता काहीच बदलत नाही. आपल्या परंपरेत लेखनाच्या अशा दोन रीती पुष्कळ काळ शेजारी शेजारी नांदल्या आहेत. दफ्तरातला रोजचा पत्रव्यवहार मोडी लिपीत, झपझप चाले. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ वेगळे दाखवत नसत, शब्दांमध्ये जागा सोडत नसत, विरामचिन्हेही नसत. पोथी किंवा ग्रंथ मात्र बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, एकेक अक्षर सुटे करून लिहिला जाई. आणि मोडीतल्या घाईच्या पत्रातसुद्धा कोणाला कोणता मायना, म्हणजे पत्राच्या सुरुवातीचे संबोधन, लिहायचा याचे नियम कसोशीने पाळले जात. वेगाने लिहिणे आणि शिस्तीने लिहिणे यांत वैर नाही, याला हा आपल्या घरातलाच दाखला आहे. विद्यार्थ्यांना मोडीतल्या एखाद्या जुन्या पत्राचे छायाचित्र दाखवा आणि त्याचा मायना वाचून दाखवा. मग ‘चॅट ही तुमची मोडी आणि अर्ज ही तुमची बाळबोधी’ असे सांगितले तर ते त्यांच्या लक्षात राहील. व्यवहारात मात्र यासाठी एक ठरावीक साचा द्या. प्रति, विषय, संदर्भ, महोदय, मजकूर, आपला विश्वासू, नाव, दिनांक, सोबत जोडलेली कागदपत्रे, अशी रिकामी चौकट प्रत्येकाच्या फोनमध्ये साठवलेली असावी आणि अर्जाची सुरुवात तिची नक्कल काढूनच व्हावी. कोऱ्या पडद्यावर जे विसरले जाते ते चौकटीत विसरले जात नाही.

गुणदानाबद्दल थोडक्यात सांगते. पहिल्या महिन्यात मांडणी आणि लेखननियम यांच्या चुका दाखवा, त्यांवर गुण कापू नका, पण सुधारलेली प्रत पुन्हा मागवा. सुधारलेल्या प्रतीशिवाय स्वाध्याय पूर्ण झाला असे मानू नका. दुसऱ्या महिन्यापासून चौकट, परिच्छेद आणि ते निवडलेले चाळीस-पन्नास शब्द यांवर पूर्ण गुण ठेवा आणि संगणकावर लिहिणाऱ्यालाही मोबाइलवर लिहिणाऱ्याला लावाल तीच मोजपट्टी लावा. कोणाला कोणत्या साधनामुळे सवलत मिळाली अशी कुजबुज वर्गात होऊ देऊ नका, ती दोन्ही बाजूंच्या मुलांना दुखावते. ज्यांना लांब अहवाल लिहायचे आहेत त्यांना एवढेही सांगा की साधा संगणकाचा कीबोर्ड लहानशा जोडणीने बहुतेक फोनला जोडता येतो. दोन-तीन कीबोर्ड महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ठेवण्याची विनंती प्राचार्यांना करून पाहा. संगणक-कक्षापेक्षा ही मागणी पुष्कळ स्वस्त आहे आणि म्हणूनच ती मान्य होण्याजोगी आहे.

तुमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांशी मात्र वाद घालू नका. त्यांची चिंता खरी आहे, दर्जा घसरत असल्याचे दुःख त्यांना होते म्हणूनच ते बंदीची भाषा करतात. त्यांना दोन प्रती दाखवा, एक विद्यार्थ्याने आज पाठवलेली आणि दुसरी त्याच विद्यार्थ्याने त्याच फोनवर सहा आठवड्यांनी, जोडीदाराकडून तपासून घेऊन पाठवलेली. पुढच्या आठवड्याचा स्वाध्याय लांब ठेवू नका. ग्रामपंचायतीकडे किंवा नगरपालिकेकडे पथदिव्याच्या दुरुस्तीसाठी करायचा एका पानाचा अर्ज द्या, तो चौकटीत लिहिलेला असू द्या, फोनवर मोठ्याने वाचून तपासलेला असू द्या, आणि ज्यांच्या गल्लीतला दिवा खरोखर बंद आहे त्यांनी तो अर्ज प्रत्यक्ष नेऊन द्यावा आणि पोचपावतीचे छायाचित्र तुम्हाला पाठवावे.